पहिल्या पावसाचे पाणी आणि कारखान्याचे अंगण

जूनच्या मध्यावर वडोदऱ्यात पहिला दमदार पाऊस येतो, तेव्हा मी बहुधा घरी नसते. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या कारखान्यात मी पर्यावरण विभाग सांभाळते, त्याच्या मागच्या फाटकाजवळ, पावसाळी नाल्याच्या तोंडाशी मी छत्री खांद्याला टेकवून उभी असते आणि दर दहा मिनिटांनी एकेका काचेच्या बरणीत पाणी भरून घेते. लोणच्यासाठी वापरतात तशा रुंद तोंडाच्या या सहा बरण्या नंतर प्रयोगशाळेच्या खिडकीत ओळीने मांडल्या, की सरलेल्या उन्हाळ्याचा सगळा हिशेब समोर येतो. पहिल्या बरणीतले पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे असते, त्यावर तेलाचा सप्तरंगी तवंग असतो आणि तासाभरात तळाशी बोटभर काळा, मऊ गाळ बसतो. दुसरी बरणीही जवळपास तशीच असते. तिसरीपासून रंग उतरू लागतो, आणि सहावीतून पलीकडचा कडुनिंब स्वच्छ दिसतो.

हे पाणी कोणत्याही यंत्रातून निघालेले नसते. ते आकाशातून पडते, पत्र्याच्या छपरांवरून, भंगाराच्या ढिगावरून, मालमोटारी वळतात त्या काँक्रीटवरून वाहते आणि वाटेत जे जे सुटे सापडेल ते उचलून पुढे जाते. आपल्याकडे ऑक्टोबरपासून जूनपर्यंत जवळजवळ आठ महिने पाऊस नसतो, आणि या आठ महिन्यांत कारखान्याच्या अंगणात काय काय साठते याचा विचार सहसा कोणी करत नाही. टायर झिजून त्यांची पूड पडते व त्या पुडीत जस्त असते. ब्रेकच्या पट्ट्यांमधून तांबे सुटते. लेथवर निघालेल्या लोखंडाच्या वेटोळ्यांतून दुधाळ कूलंट, म्हणजे कापताना धातू थंड ठेवणारे द्रव, ठिबकत राहते आणि डिझेलचे चार थेंब रोज कुठे ना कुठे सांडतातच. यांतील बहुतेक धातू अतिशय बारीक, हाताला पावडरीसारख्या लागणाऱ्या कणांना चिकटलेले असतात, कारण जितका कण बारीक तितका त्याचा पृष्ठभाग जास्त. म्हणून नाल्याच्या जाळीवर अडकलेला पालापाचोळा आणि खडे काढून टाकले की पाणी स्वच्छ झाले, हा समज चुकीचा आहे. जस्ताच्या लेपाच्या पत्र्यांचे प्रकरण तर आणखी वेगळे आहे. पावसाचे पाणी किंचित आम्ल असते, ते पत्र्यावरचे थोडे जस्त विरघळवूनच खाली आणते आणि हे विरघळलेले जस्त कितीही वेळ ठेवले तरी तळाशी बसत नाही.

कॅलिफोर्नियासारख्या लांब कोरड्या ऋतूच्या प्रदेशात अभ्यासकांनी हंगामातील पहिल्या पावसांच्या पाण्याचा स्वतंत्र विचार केला, कारण वर्षभराच्या पाण्यात प्रदूषणाचा मोठा वाटा त्या पहिल्या काही सरींचाच असतो. आपला मोसमी पाऊस या दृष्टीने त्याच जातीचा आहे. मात्र पहिला पाऊस गेला म्हणजे धोका टळला, असेही मानता येत नाही. ऑगस्टमध्ये दहाबारा दिवस उघडीप मिळाली आणि मधल्या काळात भंगाराची उचल झाली नाही, तर त्यानंतरच्या सरीची पहिली बरणी पुन्हा काळी निघते. हे मी माझ्या खिडकीत अनेकदा पाहिले आहे.

आता हे पाणी जाते कुठे, हा प्रश्न येतो. वडोदऱ्यात कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी १९८३ पासून एक स्वतंत्र कालवा आहे. प्रक्रिया केलेले सांडपाणी तो सुमारे ५५ किलोमीटरवर जंबुसर तालुक्यात, खंभातच्या आखाताच्या बाजूला नेऊन सोडतो. त्या पाण्याची मोजणी होते, नमुने घेतले जातात, नोंदवह्या भरल्या जातात. पावसाचे पाणी मात्र त्या वाटेने जात नाही. ते आपण ज्यांना इथल्या बोलीत कांस म्हणतो, त्या उघड्या पावसाळी ओढ्यांतून वाहत शेवटी विश्वामित्रीच्या खोऱ्यात उतरते. पावागडावरून निघून शहराच्या मधोमध वाहणारी ही नदी मगरींची नदी आहे. भरवस्तीत मगरी राहतात आणि पुराच्या दिवसांत त्या सोसायट्यांच्या फाटकापर्यंत येतात, हे बाहेरगावच्या नातेवाइकांना पहिल्यांदा सांगताना त्यांच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य मला आजही आवडते. नदीच्या तळाच्या चिखलात धातू बसतात, त्या चिखलात किडे वाढतात, त्या किड्यांना मासे खातात आणि माशांना मगरी खातात. एवढी साखळी डोळ्यांसमोर असताना सांडपाण्याच्या दोन बादल्यांसाठी आपण नोंदवही ठेवतो आणि पावसाच्या लाखो लिटरांकडे पाहतही नाही, ही गोष्ट मला अनेक वर्षे बोचत होती. १९७४ च्या आपल्या जल प्रदूषण कायद्यामुळे कारखान्यांचे लक्ष सांडपाण्यावर खिळले. अमेरिकेतही १९७२ च्या मूळ कायद्यात औद्योगिक आवारातील पावसाच्या पाण्याला १९८७ च्या दुरुस्तीनंतरच स्पष्ट जागा मिळाली.

यावर उपाय म्हणून मोठा रासायनिक संच उभारता येतो, पण वर्षातून जेमतेम तीन महिने आणि तेही अवचित येणाऱ्या पाण्यासाठी असा संच चालू स्थितीत ठेवणे फार कठीण असते. पंप आठ महिने बंद राहिले की नेमके पहिल्या पावसात ते चालू होत नाहीत. म्हणूनच माती, रेती, मुळे आणि जिवाणू यांच्याकडून काम करून घेणाऱ्या नैसर्गिक पद्धतींकडे मी वळले. ही कल्पना नवी नाही. १९५० च्या दशकात जर्मनीत कॅथे झायडेल या संशोधक बाईंनी पाणवनस्पतींच्या साहाय्याने दूषित पाणी शुद्ध करण्याचे प्रयोग सुरू केले. आपल्याकडे नागपूरच्या नीरी या संस्थेने खडीच्या थरातून, वनस्पतींच्या मुळांजवळून सांडपाणी नेणारी फायटोरिड पद्धत विकसित केली आहे. पावसाच्या पाण्यासाठी मातीचा गाळणवाफा, म्हणजे पाणी उभे राहून खाली झिरपताना गाळले जाईल असा झाडांचा खोलगट वाफा, करण्याची पद्धत १९९० च्या सुमारास अमेरिकेतील मेरीलँड राज्यात आकाराला आली. या मातीची ताकद मला सर्वांत स्पष्टपणे कळली ती सिएटल परिसरातील सामन माशांच्या गोष्टीतून. तिथल्या शहरी ओढ्यांत अंडी घालायला येणारे कोहो जातीचे सामन पावसानंतर अंडी घालण्यापूर्वीच मरत. रस्त्यावरचे तेच पाणी रेती आणि खताच्या थरातून गाळून घेतले, तेव्हा त्यात ठेवलेले मासे जगले. टायरच्या रबरातील एका रसायनापासून तयार होणारा विषारी घटक या मृत्यूंमागे असल्याचे पुढे २०२० मध्ये उघड झाले. म्हणजे विष कोणते हे कळण्याच्या आधीच मातीने ते अडवले होते.

आमच्या कारखान्यात हा विषय मी पहिल्यांदा मांडला, तेव्हा देखभाल विभागाचे फोरमन, ज्यांना आम्ही सगळेच काका म्हणतो, ते मला म्हणाले, "ताई, पाऊस सगळ्यांच्याच अंगणात पडतो. तो कुठवर गाळत बसणार आपण?" मी त्यांना खिडकीशी नेऊन पहिली बरणी दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन हलवली, तळाचा गाळ वर आला, तो बराच वेळ पाहिला आणि मग त्यांनी विचारले, "हा आपल्या कूलंटचा वास आहे ना?" त्या दिवसानंतर या कामात त्यांच्याइतके मन कोणी घातले नाही.

हिशेब अगदी साधा होता. आमचे अंगण आणि छपरे मिळून १२,००० चौरस मीटर भरतात. पहिला २० मिलिमीटर पाऊस अडवायचा ठरवला आणि त्यातला नव्वद टक्के वाहून येतो असे धरले, तर २१६ घनमीटर, म्हणजे २ लाख १६ हजार लिटर पाणी सांभाळावे लागते. गाळणवाफ्यासाठी आम्ही या एकूण क्षेत्राच्या चार टक्के, म्हणजे ४८० चौरस मीटर जागा काढली. त्यावर ३० सेंटिमीटर पाणी उभे राहिले तर १४४ घनमीटर तिथेच मावते आणि उरलेल्या ७२ घनमीटरांसाठी वाफ्याच्या आधी एक गाळकुंड बांधले. रेतीतून तासाला १०० मिलिमीटर पाणी झिरपते असे मानले, तर सगळे पाणी साडेचार तासांत गाळून निघते. याहून जास्त पाणी आले तर ते एका बांधावरून थेट कांसात जाते. मोठ्या पावसाचे सगळे पाणी गाळण्याचा हट्ट धरला असता, तर वाफ्याला पुरी पडेल इतकी जागा आमच्या आवारात निघालीच नसती.

पहिल्या वर्षी मात्र आमच्याकडून मोठी चूक झाली. खर्च वाचवण्यासाठी खोदलेलीच काळी माती आम्ही रेतीत मिसळली. ही माती उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते आणि भिजली की फुगून एकजीव होते, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. मलाही ते ठाऊक होते, पण कागदावर प्रमाण थोडे दिसत होते म्हणून मी होकार दिला. दुसऱ्याच पावसात पाणी झिरपायचे थांबले, तीन दिवस ते तसेच उभे राहिले, डासांच्या अळ्या दिसू लागल्या आणि शेजारच्या कारखान्याने तक्रार केली. ती तक्रार योग्यच होती. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही वाफा पूर्ण उपसला आणि बोडेलीहून ओरसंग नदीची जाड रेती आणली. आता वरचा अर्धा मीटर थर या रेतीचा आहे, त्यात थोडे पूर्ण कुजलेले शेणखत आणि नारळाच्या काथ्याचा भुसा आहे. त्याखाली बारीक खडी, सर्वांत खाली जाड खडीत पुरलेला भोकांचा पाइप आणि तळाशी जाड प्लास्टिकचे अस्तर आहे. खतसुद्धा हात राखूनच घालावे लागते, कारण जास्त झाले तर त्यातूनच फॉस्फरस आणि तांबे बाहेर पडू लागते. बाहेर पडणाऱ्या पाइपचे तोंड आम्ही ३० सेंटिमीटर वर उचलले आहे, त्यामुळे तळाची खडी नेहमी भिजलेली राहते आणि पावसाच्या उघडिपीत झाडांना ओल मिळते.

झाडे म्हणून वाळा, कर्दळ, लव्हाळे आणि कडेला देवनळ लावले आहेत. येणारे पाहुणे कर्दळीच्या पिवळ्या फुलांकडे पाहून झाडेच पाणी शुद्ध करतात असे समजतात, पण तसे नाही. धातूंचा फार थोडा भाग झाडांच्या अंगात जातो. बराचसा भाग गाळकुंडात बसतो, उरलेला रेतीच्या वरच्या बोटभर थरात आणि सेंद्रिय द्रव्याला चिकटून राहतो, आणि तेल खाण्याचे काम मुळांभोवतीचे जिवाणू करतात. झाडांचे खरे काम वेगळे आहे. त्यांची मुळे हलतात, वाढतात, मरतात आणि त्यामुळे रेतीत वाटा खुल्या राहतात. वाळ्याची मुळे तर सरळ खाली, खडीपर्यंत गेलेली आहेत. हे कळल्यावर देखभालीचा अर्थच बदलतो. गाळ कुठे नाहीसा होत नाही, तो फक्त एका जागी गोळा होतो. वर्षातून एकदा गाळकुंड उपसून तो घातक कचऱ्याच्या नियमांनुसार पाठवावा लागतो आणि काही वर्षांनी वाफ्याचा वरचा थरही काढून नवा भरावा लागतो. ज्यांना एकदा बांधून विसरून जायचे आहे, त्यांनी हे काम हाती घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

या गोळा होण्याचा एक प्रसंग मला विसरता येत नाही. आमचे माळीदादा धुळ्याकडचे आहेत आणि वाफ्यावर त्यांचा मुलांइतका जीव आहे. एका एप्रिलमध्ये त्यांनी वाळा विरळ करताना निघालेली मुळे धुऊन, वाळवून, सुतळीने बांधून त्यांच्या चार सुबक जुड्या केल्या आणि त्यातली एक माझ्या टेबलावर आणून ठेवली. "ताई, माठात टाकायला. बाजारात एवढा चांगला मिळत नाही," असे ते म्हणाले. खोलीभर तो थंड, ओला वास पसरला होता. याच वासाने आमच्या घरचा प्रत्येक उन्हाळा सुरू होतो. ही मुळे कोणत्या पाण्यात वाढली आहेत आणि ती पिण्याच्या पाण्यात का घालायची नाहीत, हे मी त्यांना समजावून सांगितले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. एक जुडी त्यांनी आदल्या दिवशीच घरी नेली होती. ते तसेच सायकल काढून घरी गेले आणि तासाभरात ती परत घेऊन आले. चूक माझी होती, कारण वाफ्यात काय साठते हे मी अधिकाऱ्यांना आकृत्या काढून सांगितले होते आणि ज्या माणसाचे हात रोज त्या मातीत असतात त्यालाच सांगायचे राहून गेले होते. आता वाफ्याजवळ मराठी, गुजराती आणि हिंदीत पाटी आहे, कापलेले गवत गुरांना दिले जात नाही, आणि कडेला कोणीतरी हौसेने लावलेले अळू माळीदादांनीच काढून टाकले आहे.

मे महिन्यात झाडे जगवणे हे आपल्या हवामानातील सर्वांत अवघड काम आहे. कूलिंग टॉवरचे पाणी देऊन पाहण्याचा सल्ला मला मिळाला होता, पण त्यातील क्षार आणि रसायने वाफ्यात साचली असती. त्याऐवजी उपाहारगृहातील हात धुण्याचे पाणी तेलसापळ्यातून काढून आम्ही वाफ्याला देतो. त्यावर लव्हाळे पिवळे पडते, पण वाळा टिकतो आणि पहिल्या सरीनंतर आठवडाभरात सगळे पुन्हा हिरवे होते.

एका गोष्टीबद्दल मला आग्रहाने लिहायचे आहे. पावसाचे पाणी जमिनीत मुरवा, हा सल्ला घरांसाठी, शाळांसाठी आणि मंदिरांसाठी अतिशय योग्य आहे. पण कारखान्याच्या अंगणातील पाणी थेट रिचार्ज बोअरमध्ये, म्हणजे पाणी जमिनीत मुरवण्यासाठी खणलेल्या बोअरमध्ये, सोडणे म्हणजे पहिल्या बरणीतला तो काळा गाळ आणि विरघळलेले जस्त आपल्या हातांनी भूजलात उतरवणे आहे. नदीत गेलेले पाणी निदान डोळ्यांना दिसते. बोअरमध्ये गेलेले दिसत नाही, आणि ते परत काढता येत नाही. आम्ही वाफ्याखाली अस्तर घातले ते याच कारणाने. स्वच्छ छपरांचे पाणी मुरवायचे असेल तर त्याची वाट अंगणाच्या पाण्यापासून पूर्ण वेगळी हवी.

वाफ्याच्या शेवटी हाताने बंद करायची एक झडप आहे. तिची गरज काय, असे मला विचारले गेले होते. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधील बासेलजवळ रसायनांच्या एका गोदामाला आग लागली. ती विझवण्यासाठी मारलेले पाणी कीटकनाशकांसह ऱ्हाईन नदीत गेले आणि खूप लांबपर्यंत मासे मेले. आगीचे पाणी पावसाच्याच वाटेने बाहेर पडते. ही वाट बंद करता येणारी झडप पाच मिनिटांच्या अंतरावर असावी, हे त्या घटनेनंतर सगळ्यांनाच कळायला हवे होते. आमच्याकडे दोन पाळ्यांतील प्रत्येकी दोन माणसांना ती कुठे आहे आणि कोणत्या बाजूला फिरते हे माहीत आहे. काका महिन्यातून एकदा ती स्वतः फिरवून पाहतात.

मातीच्या वाफ्याला मर्यादाही आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री धोक्याच्या २६ फुटांच्या पातळीच्या कितीतरी वर गेली आणि अर्धे शहर पाण्यात होते, तेव्हा आमच्या आवारातही गुडघाभर पाणी आले. वाफ्यावर चार बोटे गाळ बसला आणि तो खरवडून काढायला आठवडा गेला. अशा दिवशी वाफा काहीच गाळू शकत नाही. तेव्हा उपयोग होतो तो भंगारावर आधीच बांधलेल्या छपराचा आणि जमिनीपासून उंच ठेवलेल्या तेलाच्या पिंपांचा. खरे सांगायचे तर आमच्या बरण्यांमध्ये सर्वांत मोठा फरक पडला तो लोखंडाच्या वेटोळ्यांच्या ढिगावर पत्र्याची शेड घातल्यानंतर आणि मेमध्ये अंगण पाण्याने न धुता झाडून, गाळ गोण्यांत भरून घेतल्यानंतर. या दोन कामांना वाफ्याच्या मानाने फारच थोडे पैसे लागले.

राहिले ते छपरांचे विरघळलेले जस्त. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात व्हँकूव्हर नावाच्या बंदरावर तिथल्या दोन कर्मचाऱ्यांनी धातूच्या पिंजऱ्यात बसवलेल्या प्लास्टिक टाक्यांचा वरचा भाग कापून त्यांत खडी, रेती, माती भरली, झाडे लावली आणि त्या छपरांच्या पाइपांखाली ठेवल्या. त्यांच्या आडनावांवरून त्या टाकीला ग्रॅटिक्स असे नाव पडले. तशा १००० लिटरच्या पांढऱ्या टाक्या आपल्याकडे भंगारात सहज मिळतात, फक्त त्यात आधी काय होते याची खात्री करून घ्यावी लागते. या उन्हाळ्यात काकांनी खाद्यतेलाच्या दोन टाक्या शोधून आणल्या आहेत. त्यांत ओरसंगची रेती, काथ्या आणि लाकडी कोळशाचा चुरा भरून झाला आहे, माळीदादांनी कर्दळीचे कंद लावले आहेत, आणि सातव्या व आठव्या बरणीवर मी आजच चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत.